अधिवृक्क ग्रंथी आणि मेंदूचा निरोप : स्टेरॉइड घेणाऱ्या ज्येष्ठांसाठी

सांधेदुखी, दमा, अंगावरची खाज किंवा जुनाट कंबरदुखी यांसाठी वर्षानुवर्षे औषधे घेणाऱ्या ज्येष्ठांच्या पिशवीत पुष्कळदा एक बारीक पांढरी गोळी असते. तिचे नाव त्यांना ठाऊक नसते. तिचा गुण मात्र पक्का ठाऊक असतो. ती घेतली की दुसऱ्या दिवशी गुडघे मोकळे होतात, भूक लागते, मनाला उभारी येते. परभणी-पूर्णा रेल्वेमार्गावरील आमच्या पिंगळीत आणि आसपासच्या गावांत ही गोळी कधी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर येते, कधी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून, तर कधी नाव-गाव नसलेल्या पुडीतून. मग केव्हातरी ती संपते. किंवा ‘स्टेरॉइड वाईट असते’ असे कोणी सांगितल्यावर घरची मंडळी ती एका दिवसात बंद करतात. पुढच्या काही दिवसांत आजोबांना उठवेनासे होते, अन्न नकोसे वाटते, उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे म्हणतात, ‘आता वय झाले’. उन्हाळा असेल तर म्हणतात, ‘ऊन लागले’. एखादी सलाइन लावली की थोडी तरतरी येते आणि खरे कारण झाकलेले राहते.

हे कारण मेंदू आणि पोटातील दोन लहानशा ग्रंथी यांच्यात अखंड चालणाऱ्या संवादात असते. तो संवाद कसा चालतो आणि बाहेरून आलेल्या गोळीने तो कसा थांबतो, हे घरातल्या एका माणसाला जरी समजले, तरी एखादा जीवघेणा प्रसंग टळू शकतो.

ग्रंथी दोन, कामे अनेक

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी एक ग्रंथी बसलेली असते. तिला अधिवृक्क ग्रंथी किंवा ॲड्रिनल म्हणतात. तिचे वजन अवघे चार-पाच ग्रॅम असते. तिचे बाहेरचे आवरण आणि आतला गाभा ही जणू दोन निराळी खाती आहेत.

बाहेरच्या आवरणात तीन थर असतात. सर्वांत वरच्या थरात अल्डोस्टेरॉन तयार होते. ते शरीरातील मीठ आणि पाणी राखते. मधल्या थरात कॉर्टिसॉल तयार होते. कॉर्टिसॉल रक्तातील साखर व रक्तदाब टिकवते, सूज आवरते आणि आजारपण, जखम, उपवास, शस्त्रक्रिया अशा ताणाच्या वेळी शरीराला उभे ठेवते. सर्वांत आतल्या थरात लैंगिक संप्रेरकांचा कच्चा माल तयार होतो आणि वयोमानानुसार त्याचे प्रमाण पुष्कळ घटते. वृद्धापकाळात कॉर्टिसॉल मात्र तसे घटत नाही. अखेरच्या दिवसापर्यंत शरीराला त्याची गरज असते.

ग्रंथीच्या गाभ्यात ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन तयार होतात. शेतात पायाशी साप दिसला की छातीत धडधडते, तळहाताला घाम फुटतो आणि माणूस एका उडीत बाजूला होतो, ते यांच्यामुळे.

हुकूम मेंदूचा

या ग्रंथींचा मधला थर स्वतःच्या मर्जीने कॉर्टिसॉल सोडत नाही. हुकूम मेंदूतून येतो. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग आहे. त्याला अधश्चेतक किंवा हायपोथॅलॅमस म्हणतात. शरीराला कॉर्टिसॉलची गरज भासली की तो सीआरएच नावाचे संप्रेरक थेंबाथेंबाने सोडतो. ते जवळच असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीत, म्हणजे पिट्युइटरीत पोहोचते. पीयूषिका मग एसीटीएच नावाचे दुसरे संप्रेरक रक्तात सोडते. ते रक्तावाटे अधिवृक्क ग्रंथीपर्यंत जाते आणि तिथे कॉर्टिसॉल तयार होऊ लागते.

आता महत्त्वाचा टप्पा. तयार झालेले कॉर्टिसॉल रक्तातून पुन्हा मेंदूत जाते आणि ‘पुरे झाले’ असा निरोप देते. तो मिळताच अधश्चेतक आणि पीयूषिका दोघेही आपला हात आखडता घेतात. घराच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीत तरंगणारा चेंडू असतो. टाकी भरली की तो वर येतो आणि मोटार आपोआप बंद होते, पाणी खाली गेले की ती पुन्हा सुरू होते. आपल्या शरीरातील व्यवस्था बरीचशी अशीच आहे. ही टाकी आणि ही मोटार वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

अल्डोस्टेरॉनवर मात्र या साखळीचा अंमल थोडाच चालतो. त्याचे नियंत्रण मुख्यतः मूत्रपिंडातून निघणारे रेनिन आणि रक्तातील पोटॅशियम यांच्याकडे असते.

अधश्चेतकाला कोण सांगते?

अधश्चेतकाला गरज कशी कळते? इथे मेंदूतील रसायने कामाला येतात. मेंदूतील पेशी एकमेकींशी ज्या रसायनांच्या द्वारे बोलतात, त्यांतील नॉरॲड्रिनॅलिन, सेरोटोनिन आणि ॲसिटिलकोलिन ही सर्वसाधारणपणे अधश्चेतकाला जागे करतात. गाबा नावाचे रसायन त्याला आवरून धरते. वेदना, भय, रक्तस्राव, साखर उतरणे, जवळच्या माणसाचा वियोग या प्रत्येक प्रसंगी जागे करणाऱ्यांचा जोर वाढतो, आवरणाऱ्याचा कमी होतो आणि सीआरएच बाहेर पडते. त्याच्या जोडीला अधश्चेतकातूनच येणारे व्हॅसोप्रेसिन पीयूषिकेला अधिक जोराने हलवते. व्हॅसोप्रेसिनचे नेहमीचे काम लघवीवाटे जाणारे पाणी राखणे हे आहे. ताणाच्या प्रसंगी ते या कामातही हात देते.

शरीरात जंतुसंसर्ग झाला की संरक्षक पेशी इंटरल्युकिन नावाची रसायने सोडतात. तीही मेंदूपर्यंत पोहोचून सीआरएच वाढवतात. म्हणूनच न्यूमोनिया झालेल्या निरोगी माणसाचे कॉर्टिसॉल नेहमीपेक्षा कितीतरी वाढलेले असते, आणि ते तसे वाढावेच लागते. हे वाढते कॉर्टिसॉल रोगाशी चाललेल्या झटापटीला आवर घालते आणि रक्तदाब कोसळू देत नाही.

ग्रंथीच्या गाभ्याचा मार्ग निराळा आहे. तिथे संप्रेरकांच्या साखळीची वाट पाहिली जात नाही. मज्जारज्जूतून थेट नस येते, तिच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन सुटते आणि काही क्षणांत ॲड्रिनॅलिन रक्तात उतरते. कॉर्टिसॉल वाढायला काही मिनिटे लागतात. तरीही ही दोन खाती एकमेकांपासून तुटलेली नाहीत. बाहेरच्या आवरणातील कॉर्टिसॉलयुक्त रक्त गाभ्यातून वाहते आणि त्याच्याच आधाराने तिथे नॉरॲड्रिनॅलिनचे रूपांतर ॲड्रिनॅलिनमध्ये होते. शिवाय रक्तवाहिन्यांवर ॲड्रिनॅलिनचा परिणाम नीट होण्यासाठीही कॉर्टिसॉल लागते. कॉर्टिसॉल आटले की रक्तदाब का ढासळतो, आणि कधीकधी सलाइन व इतर इंजेक्शने देऊनही तो का वर येत नाही, याचे उत्तर इथे मिळते.

पहाटेचे घड्याळ

कॉर्टिसॉल दिवसभर सारखे नसते. मेंदूत प्रकाश-अंधाराची दखल घेणारे एक घड्याळ आहे. त्याच्या हुकमाने मध्यरात्रीच्या सुमारास कॉर्टिसॉल सर्वांत कमी असते, पहाटे ते चढू लागते आणि सकाळी सहा ते आठच्या सुमारास सर्वांत जास्त होते. अंथरुणातून उठण्याची ताकद आपल्याला काही अंशी तेच देते.

वय वाढते तसे हे घड्याळ थोडे पुढे सरकते. पहाटेची चढण लवकर सुरू होते आणि रात्रीचे प्रमाण तरुणपणाइतके खाली उतरत नाही. ज्येष्ठांची झोप हलकी आणि पहाटे लवकर मोडणारी असण्यामागे इतर कारणांसोबत हेही एक आहे. पहाटे चारला जाग येणारे आजोबा दर वेळी काळजीनेच जागे असतात असे नाही.

या घड्याळाचा व्यवहारात उपयोग आहे. स्टेरॉइडची गोळी दिवसातून एकदा घ्यायची असेल तर ती बहुधा सकाळी नाश्त्यानंतर घेण्यास सांगितले जाते. अशाने ती शरीराच्या नैसर्गिक लयीशी जुळते, झोप कमी बिघडते आणि मेंदूची मोटारही कमी दबते. कॉर्टिसॉलची रक्त तपासणीही सकाळी आठच्या सुमारास करतात. दुपारी केलेल्या तपासणीचा अर्थ लावणे अवघड जाते.

टँकरचे पाणी

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिझोनचे इंजेक्शन दिले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक हेंच, केंडाल आणि राइखश्टाइन यांना अधिवृक्क ग्रंथीच्या संप्रेरकांवरील कामासाठी मिळाले. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही त्याच कुळातील पुढची औषधे. २०२० मध्ये ऑक्सिजनवर असलेल्या कोविड रुग्णांचे प्राण डेक्सामेथासोनने वाचतात, हे इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, दुसऱ्या लाटेत, अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिरेक यांच्या संगतीने काळ्या बुरशीचा आजार महाराष्ट्राने सोसला. औषध तेच, फरक पडतो तो कोणाला, किती आणि किती दिवस दिले याने.

आता पुन्हा टाकीकडे वळू. बाहेरून टँकर येऊन रोज टाकी भरू लागला तर काय होईल? चेंडू सतत वर राहील आणि घरची मोटार सुरूच होणार नाही. महिनोन्‌महिने न चाललेली मोटार जाम होते, हे मराठवाड्यातील कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मग एके दिवशी टँकर अचानक बंद झाला, तर घरात पाणी कोठून येणार?

स्टेरॉइडच्या गोळीने नेमके हेच घडते. मेंदूला ती कॉर्टिसॉलसारखीच भासते. सीआरएच थांबते, एसीटीएच थांबते. हुकूमच येत नसल्याने अधिवृक्क ग्रंथीचा कॉर्टिसॉल करणारा थर हळूहळू आक्रसतो. मेंदू किती चटकन गप्प होतो याचा पडताळा एका तपासणीत मिळतो. रात्री अकरा वाजता डेक्सामेथासोनची अवघी एक मिलिग्रॅम मात्रा दिली, तर निरोगी माणसाचे दुसऱ्या सकाळचे कॉर्टिसॉल अगदी खाली आलेले असते. एका रात्रीचे दबणे लगेच भरून निघते. महिनोन्‌महिने दबलेली साखळी पूर्ववत व्हायला मात्र काही महिने, कधी वर्षभरही लागते.

साधारणपणे प्रेडनिसोलोनची रोजची ५ मिलिग्रॅम मात्रा शरीराच्या स्वतःच्या दिवसभराच्या कॉर्टिसॉलच्या बरोबरीची किंवा थोडी अधिक भरते. एवढी किंवा याहून जास्त मात्रा तीन-चार आठवड्यांपेक्षा अधिक काळ घेतली असेल, तर साखळी दबलेली आहे असे धरूनच चालावे. गोळी दिसायला लहान आहे म्हणून ती सौम्य समजू नये. डेक्सामेथासोनची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळीही बरीच प्रभावी असते आणि तिचा परिणाम दीड-दोन दिवस टिकतो. काही दिवसांसाठी, उदाहरणार्थ दम्याच्या झटक्यात, डॉक्टरांनी दिलेल्या स्टेरॉइडने सहसा हा प्रश्न उद्भवत नाही. त्या भयाने असा उपचार नाकारू नये.

स्टेरॉइड केवळ तोंडावाटे येते असेही नाही. गुडघ्यात वारंवार घेतलेली इंजेक्शने, मोठ्या मात्रेत दीर्घकाळ वापरलेला इन्हेलर, गजकर्णावर महिनोन्‌महिने चोळलेले तीव्र स्टेरॉइडयुक्त मलम यांनीही मेंदू दबू शकतो. इन्हेलर मात्र मनाने बंद करू नये. घेतल्यावर चूळ भरावी आणि मात्रा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. सर्वांत फसवी असते ती बिनलेबलाची सांधेदुखीची पुडी. ‘जडीबुटी’ म्हणून दिलेल्या चूर्णाने दोन दिवसांत जादूसारखा गुण आला, चेहरा भरला, भूक वाढली, तर तिच्यात स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शंका घ्यावी. अशी पुडीही दीर्घकाळ घेतली असल्यास एकदम न सोडता लगेच डॉक्टरांकडे जावे आणि पुडी सोबत न्यावी.

ओळखावे कसे?

स्टेरॉइड जास्त झाल्याच्या खुणा दिसतात: चेहरा गोल होणे, पोट सुटून हातपाय बारीक होणे, त्वचा कागदासारखी पातळ होऊन सहज काळेनिळे डाग पडणे, साखर आणि रक्तदाब वाढणे, किरकोळ पडण्याने हाड मोडणे.

कॉर्टिसॉल कमी पडल्याच्या खुणा मात्र फसव्या असतात, कारण त्या म्हातारपणाच्याच वाटतात: सतत थकवा, अन्नावरची वासना उडणे, मळमळ, वजन उतरणे, उभे राहताना चक्कर, अंग दुखणे, साखर एकाएकी उतरणे, रक्तातील सोडियम घटणे, भ्रमिष्टासारखे बोलणे. मधुमेही आजींची साखर नेहमीच्याच औषधावर वारंवार उतरू लागली आणि अलीकडेच त्यांची ‘सांध्याची गोळी’ बंद झाली असेल, तर या दोन गोष्टी एकत्र जोडून पाहाव्यात. ताप, जुलाब किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी ही उणीव एकदम उघडी पडते: रक्तदाब कोसळतो, उलट्या थांबत नाहीत, शुद्ध हरपू लागते. ही तातडीची अवस्था होय.

कधी दोष मेंदूत नसून ग्रंथीतच असतो. लंडनमधील डॉ. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली या आजाराचे वर्णन केले. त्यांच्या अनेक रुग्णांच्या ग्रंथी क्षयरोगाने पोखरलेल्या होत्या, आणि आपल्या देशात क्षयरोग आजही या आजाराचे एक महत्त्वाचे कारण आहे. अशा रुग्णांत मेंदू ‘द्या, द्या’ असे ओरडत राहतो, एसीटीएच भरमसाट वाढते आणि त्यामुळे तळहाताच्या रेषा, हिरड्या, बोटांची पेरे काळवंडतात. स्टेरॉइडने दबलेल्या माणसात असा काळेपणा येत नाही, कारण तिथे हुकूमच बंद असतो. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन हे औषध कॉर्टिसॉल आणि स्टेरॉइड या दोहोंचा निचरा लवकर करते. म्हणून स्टेरॉइड चालू असताना ते सुरू होत असेल, तर दोन्ही उपचार करणाऱ्यांना एकमेकांच्या औषधांची माहिती द्यावी.

‘ताणामुळे तुमच्या ॲड्रिनल थकल्या आहेत’ असे सांगून महागडी चूर्णे आणि कॅप्सूल विकल्या जातात. रोजच्या काळजीने या ग्रंथी थकून बंद पडतात याला शास्त्रीय आधार नाही. रुग्णाची सेवा करून शिणलेल्या सुनेला किंवा मुलाला विश्रांती, झोप आणि कामात वाटेकरी यांची गरज असते. सोबत रक्ताक्षय, थायरॉइड आणि मधुमेह यांची तपासणी करावी.

घरच्यांनी काय करावे?

• घरातील ज्येष्ठांची औषधे एकदा पाहून घ्यावीत. नावात प्रेडनिसोलोन, मिथिलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, डिफ्लाझाकॉर्ट असे काही दिसले, तर ते कधीपासून आणि किती चालू आहे हे कागदावर लिहून ठेवावे.

• दीर्घकाळची गोळी एकदम बंद करू नये. डॉक्टर ती आठवड्या-महिन्यांच्या टप्प्यांनी उतरवतात आणि गरजेनुसार सकाळच्या कॉर्टिसॉलची तपासणी करतात. उतरवताना अंग दुखले वा थकवा आला तर मनाने मात्रा न बदलता त्यांना कळवावे.

• ताप, जुलाब किंवा अपघात यांत मात्रा वाढवावी लागते. ती किती आणि किती दिवस, हे निरोगी असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर वाट पाहू नये. अशा वेळी हायड्रोकॉर्टिझोनचे इंजेक्शन आणि सलाइन लागते. दवाखान्यात शिरताच ‘यांना स्टेरॉइड चालू आहे’ किंवा ‘यांचे स्टेरॉइड नुकतेच बंद केले’ हे पहिले वाक्य सांगावे.

• मोतीबिंदू, खुब्याचे हाड किंवा दात यांच्या उपचारापूर्वी, गेल्या वर्षभरात स्टेरॉइड घेतले असल्यास भूलतज्ज्ञांना अथवा डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

• एकादशी, चातुर्मास वा रमजानचा उपवास धरायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. उपवासाच्या नावाखाली गोळी चुकवू नये. पंढरीच्या वारीला निघणाऱ्यांनी चार दिवस जास्तीच्या गोळ्या आणि आजार-औषधांची चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात किंवा कमरेच्या पिशवीत ठेवावी. सामान ट्रकमध्ये असते, माणूस वाटेवर असतो.

• स्टेरॉइड चालू असेपर्यंत साखर, रक्तदाब, डोळे आणि हाडे यांची वेळोवेळी तपासणी करून घ्यावी.

चिठ्ठीवर रुग्णाचे नाव, स्टेरॉइडचे नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख आणि घरच्या एका माणसाचा फोन क्रमांक एवढे असले तरी पुरते. एक प्रत औषधांच्या डब्यात आणि एक आधार कार्डाबरोबर ठेवावी. रात्री-अपरात्री परभणीला किंवा नांदेडला हलवावे लागले, तर तिथल्या अनोळखी डॉक्टरला रुग्णाच्या तोंडून न कळणारी गोष्ट त्या कागदावरून कळेल.